कौशल्याचा खेळ आहे, म्हणूनच

पोकर हा जुगार नाही, बुद्धीचा खेळ आहे. यात हरणारा नशिबाने हरत नाही. त्याचा अभ्यास कमी पडतो, नाहीतर डोकं ताब्यात राहत नाही. तेव्हा गणित शिका, संयम शिका, मन घट्ट करा, पैसा मागून येईल. हा युक्तिवाद इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत उतरला. आता सोलापुरातल्या वसतिगृहांपासून पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडपर्यंत तरण्या पोरांना तो तोंडपाठ आहे. मी इथे संख्याशास्त्र शिकवतो. पोकर मला आवडतो, संभाव्यता शिकवताना त्याची उदाहरणं मी वर्गात देतो, आणि या खेळात कौशल्य लागतं हे मला पूर्ण मान्य आहे. माझा विरोध तिथूनच सुरू होतो.

पत्ते वाईट, खेळणारा बिघडलेला, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. घरात, मित्रांत, शेंगा खात रात्रभर डाव मांडणाऱ्यांशी माझं काहीच भांडण नाही. भांडण आहे ते ‘कौशल्य’ या शब्दाच्या आडोशाने चालणाऱ्या धंद्याशी, आणि त्याहून जास्त ‘माइंडसेट’ विकणाऱ्या कोचांशी.

आधी कायदा पाहू, कारण या शब्दाचं वजन कायद्यातून आलं आहे. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७चा, मुंबई इलाख्याच्या काळातला. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे. १९६८मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असं म्हटलं. १९९६मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतींनाही कौशल्याचाच निकष लागू झाला. पोकरवर मात्र न्यायालयांचं एकमत कधी झालं नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्याला जुगार ठरवलं, मद्रास उच्च न्यायालयाने २०२३मध्ये कौशल्याचा खेळ. पत्त्यांच्या धंद्याने १९६८च्या निकालाचा आधार वर्षानुवर्षं घेतला, पण तो निकाल पुढेही वाचायला हवा. क्लबचा किंवा घराचा मालक पैशांवर चालणाऱ्या खेळातून नफा कमावत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असं न्यायालयाने तिथेच म्हटलं होतं. म्हणजे खेळ कसा आहे हा एक प्रश्न आणि टेबल कोणाचं आहे हा दुसरा, हे न्यायमूर्तींना मोबाइल नसलेल्या काळातही स्वच्छ दिसत होतं. आपण मात्र पहिल्याच प्रश्नावर पन्नास वर्षं वाद घातला.

दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब असा. समजा सहा जण प्रत्येकी २,००० रुपये घेऊन बसले. ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधी सक्तीने लावायच्या रकमा, ५ आणि १० रुपयांचे. ऑनलाइन टेबलावर तासाला साधारण ७० डाव होतात. डावात सरासरी १०० रुपये जमले आणि त्यातून ५ टक्के रेक, म्हणजे टेबलवाल्याचा वाटा, कापला गेला तर डावामागे ५ रुपये, तासाला ३५० रुपये. पाच तासांनी १२,००० पैकी १,७५० रुपये कोणीही न जिंकता गेलेले असतात. याच वेगाने खेळत राहिले आणि बाहेरून कोणी नवे पैसे आणले नाहीत, तर पस्तीस तासांच्या आत ते टेबल कोरडं पडेल. सहाही जण कितीही हुशार असोत, सगळ्यांनी कितीही अभ्यास केलेला असो. पोकरच्या टेबलावर कोणी काही पिकवत नाही, विणत नाही. आलेले पैसे फक्त हात बदलतात आणि प्रत्येक बदलात थोडे कमी होतात. ऑक्टोबर २०२३पासून तर भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. खात्यात टाकलेल्या १०० रुपयांतले जवळपास २२ रुपये पहिलं पान वाटण्याआधीच कराचे असत. जिंकून पैसे काढायला गेलं की निव्वळ कमाईवर ३० टक्के कपात वेगळी.

आता यात कौशल्य मिसळा. खेळ निव्वळ नशिबाचा असता तर दीर्घकाळात सगळे सारखेच हरले असते, प्रत्येकाच्या वाट्याला रेकचा सहावा हिस्सा आला असता. लॉटरीत अडाणी आणि विद्वान एकाच मापाने हरतात. कौशल्याच्या खेळात तसं होत नाही. तिथे कच्चा खेळाडू रेक तर भरतोच, शिवाय पक्क्या खेळाडूची कमाईही त्याच्याच खिशातून निघते. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ या वाक्याचा नवशिक्यासाठी अर्थ एवढाच की त्याचं हरणं योगायोगावर सोडलेलं नाही, ते जवळपास ठरलेलं आहे. कंपनीचे वकील न्यायालयात जे अभिमानाने सांगत आले, तोच नव्या माणसासाठी सगळ्यात मोठा धोक्याचा इशारा आहे.

यावर कोचांचं उत्तर तयार असतं: मग कच्चे राहू नका, शिका. शिकता येतं, यात शंका नाही. कोणते हात धरायचे आणि कोणते टाकायचे, आपली जागा कोणती, पॉटच्या तुलनेत बेट केवढी, फ्लॉपवर, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडल्यावर, फ्लशला एक पान कमी असेल तर ते रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत, यायची शक्यता ३५ टक्के. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडू शकतं. पण पोकरमध्ये आपण किती चांगले आहोत याला स्वतंत्र अर्थ नाही. समोरच्यापेक्षा, तेही रेक भरून उरेल एवढे चांगले असलो तरच उपयोग. समोरच्यानेही तेच व्हिडिओ पाहिलेले असतात, तीच सॉफ्टवेअर वापरलेली असतात. आणि समोर माणूसच असेल याची खात्री काय? २०१९मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी तयार केलेल्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर जगातल्या अव्वल व्यावसायिकांना हरवलं. त्याला तयार करायला लागलेल्या संगणकवेळेची किंमत १५० डॉलरपेक्षा कमी होती.

माझा एक जुना विद्यार्थी २०२५चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा येण्याआधीच्या काळात खेळायचा. विडी घरकुलात राहणारा, आई विड्या वळणारी, स्वतः खासगी नोकरीत. पोरगा गणितात चांगला. तो एकदा त्याची वही घेऊन आला. दोनशे पानी लांब वही, पट्टीने आखलेली. रकाने असे: तारीख, किती वाजता बसलो, कोणतं टेबल, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, आणि शेवटचा रकाना ‘मूड’. त्या रकान्यात ‘शांत’, ‘गरम’, ‘झोप नाही’, ‘आईशी भांडण’ अशा नोंदी. काही ओळींखाली लाल रेघ आणि बाजूला ‘एक्के गेले’. एवढी शिस्त मी माझ्या वर्गातल्या प्रयोगवह्यांतही क्वचित पाहिली आहे. कोचने सांगितलं तसं त्याने तंतोतंत केलं होतं. म्हणाला, “सर, गेम माझा बरोबरच हाय. डोकं गरम व्हायलंय, तेवढं सोडलं तर मी जिंकायलोय.” आम्ही दोघांनी बसून ‘शांत’ लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढल्या आणि त्यांची बेरीज केली. तीही उणेच आली. त्या वहीत रेकसाठी रकानाच नव्हता. तो ठेवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एवढ्या नेटक्या पोराला आपण हरतोय हे इतके महिने का कळलं नाही? याचं उत्तर खेळाच्या गणितात आहे. मनावर बोलणाऱ्यांनी ते एकदा नीट समजून घ्यावं.

एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा हाती येते. ती आली, समोर बादशहांची जोडी असली, सगळे पैसे फ्लॉपआधीच मध्ये गेले, तरी पाचांतून जवळपास एकदा एक्केवाला हरतो. यात त्याची काही चूक नसते. एका डावाचं हे, तर हजारो डावांचं काय होतं बघा. चांगला ऑनलाइन खेळाडू शंभर डावांमागे सरासरी पाच मोठे ब्लाइंड कमावतो असं धरू. हा दर उत्तम मानतात. पण सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर शंभर डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे निकालातला चढउतार, नव्वद ब्लाइंडच्या आसपास असतं. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड आणि प्रमाण विचलन ९००. म्हणजे इतका चांगला खेळणाराही दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. आणि शंभर डावांमागे पाच ब्लाइंड गमावणारा कच्चा खेळाडू तेवढ्याच डावांनंतर नफ्यात असण्याची शक्यताही सुमारे २९ टक्के. दहा हजार डाव म्हणजे एका टेबलावर १४० तासांहून जास्त बसणं. एवढं बसूनही आपण जिंकणारे की हरणारे, हे खात्रीने सांगता येत नाही.

संशोधकांना हे माहीत असतं. जानेवारी २०१७मध्ये पिट्सबर्गला ‘लिब्राटस’ हा प्रोग्राम चार व्यावसायिकांशी खेळवला, तेव्हा निकाल निव्वळ नशिबाचा ठरू नये म्हणून वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळवले गेले. नोकरी सांभाळून रात्री दोन तास बसणाऱ्याला तेवढे डाव एका टेबलावर खेळायला दोन वर्षांहून जास्त लागतील.

त्या पोराच्या आईचं कौशल्य पोकरच्या कौशल्याशेजारी ठेवून पाहा. भिजवलेलं तेंदूचं पान, कात्रीचा काप, तंबाखूचं माप, दोऱ्याची गाठ. हजार विड्या वळून कारखान्यात नेल्या की तपासणारा खराब विड्या बाजूला काढतो, आणि आपला हात आज कुठे चुकला ते तिला त्याच दिवशी कळतं. मजुरी तुटपुंजी आहे, तपासणीत अन्यायही होतो, पण तिचं कौशल्य तिच्याशी खोटं बोलत नाही. पोकरचं कौशल्य नवशिक्याशी महिनोन्‌महिने खोटं बोलतं. वाईट खेळून जिंकतो तेव्हा त्याला वाटतं आपण शिकलो. चांगलं खेळून हरतो तेव्हा वाटतं मन ढळलं.

नेमक्या याच धुक्यात ‘माइंडसेट’वाले उभे असतात. ‘निकालाकडे बघू नका, निर्णयाकडे बघा’ हे त्यांचं मुख्य सूत्र. वर्षाला लाखो डाव खेळणाऱ्या, हिशेब सॉफ्टवेअरवर ठेवणाऱ्या व्यावसायिकासाठी हा सल्ला योग्य आहे, कारण त्याचा निकाल कधीतरी बोलतो. नवशिक्यासाठी मात्र खात्यातून जाणारे पैसे ही एकच धोक्याची घंटा असते, आणि हा सल्ला त्याला ती ऐकूच नको असं सांगतो. जिंकलास तर पद्धत चांगली, हरलास तर तुझं मन कच्चं. पद्धत कधीच चुकू शकत नाही. कोणत्याही निकालाने खोटा ठरत नाही असा दावा माझ्या विषयात दावा म्हणून स्वीकारला जात नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. हरल्यावर चिडून, पैसे परत मिळवायला मोठ्या रकमा लावत सुटण्याला पोकरवाले ‘टिल्ट’ म्हणतात. जेरेड टेंडलर यांच्या २०११च्या पुस्तकासारख्या लेखनात टिल्टचे प्रकार पाडून प्रत्येकावर उपाय सांगितलेला असतो: श्वास, विश्रांती, हरण्याची मर्यादा, डायरी. आता अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३मध्ये जुगाराचा विकार व्यसनांच्या वर्गात नेला, त्याचे निकष वाचा. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा येणं. मन अस्वस्थ असताना खेळायला बसणं. रक्कम वाढवत नेणं. थांबायचा प्रयत्न करून न जमणं. किती खेळतो याबद्दल घरी खोटं बोलणं. नऊपैकी चार निकष वर्षभरात दिसले तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. कोच त्याच लक्षणांना ‘मेंटल गेममधली गळती’ म्हणतो आणि आजाऱ्याला त्याच टेबलावर परत बसवायची तयारी करून घेतो. ज्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं, निदान १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करायला हवा, त्याला फी घेऊन ‘अजून एक लेव्हल’ शिकवणं हा माझ्या मते अपराध आहे. कायद्यात तो बसत नसला तरी.

जून २०२५मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात एका तरुणासह त्याची पत्नी आणि लहान मूल गेलं. ऑनलाइन रमीतून झालेलं कर्ज हे कारण बातम्यांत आलं. तो पोकर नव्हता, रमी होती, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्येच कौशल्याची म्हटलेली. त्या घराला या फरकाचं काय करायचं?

‘बँकरोल सांभाळा’ हा सल्ला त्यातल्या त्यात प्रामाणिक. गमावले तरी चालतील एवढेच पैसे वेगळे काढा, आणि एका बैठकीच्या रकमेच्या तीस-चाळीस पट साठा असल्याशिवाय ते टेबल खेळू नका. त्याप्रमाणे चालू. १-२ रुपयांच्या ब्लाइंडवर बैठकीची रक्कम २०० रुपये, चाळीस पट म्हणजे ८,००० रुपये साठा. मग मघाचा तो उत्तम दर, शंभर डावांमागे पाच ब्लाइंड, म्हणजे १० रुपये. तासाला ७० डाव, म्हणजे तासाला ७ रुपये. चार टेबलं एकदम उघडून डोळे फोडले तर २८. सगळी शिस्त पाळून, मन बर्फासारखं ठेवून, बहुसंख्य खेळाडूंपेक्षा सरस खेळून ही मिळकत! साहजिकच पोरगं वरच्या टेबलावर जातं. तिथे समोरचे त्याच्यापेक्षा पक्के असतात आणि तो दर टिकत नाही. शिस्त पाळणाऱ्याला शिस्तच मोडायला लावणारी ही रचना आहे. तिच्यात मनाचा दोष शोधणं म्हणजे गळक्या टाकीखाली उभ्या असलेल्याला अंग नीट पुसत नाहीस म्हणून रागावणं.

या वादात मला कोणीतरी नळराजाची गोष्ट ऐकवतं, आणि ती ऐकवणारा माणूस मला आवडतो, कारण त्याने महाभारत वाचलेलं असतं. नळ आपल्या भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळून राज्य हरला. पुढे सारथी होऊन ऋतुपर्ण राजाकडे राहिला. रथ चालला असताना ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं बघता बघता मोजली, नळाने त्याला अश्वविद्या देऊन ती अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकून घेतली आणि पुष्कराकडून राज्य परत जिंकलं. बघा, विद्या शिकल्यावर जिंकता येतं! येतं. पण नळ एकाच माणसाशी खेळला, रेक नव्हता, एका पणात सगळं परत मिळवलं आणि उठला. पुष्कराला त्याचं राज्य आणि जीव देऊन नळाने निरोप दिला. आपल्या टेबलावर रोज संध्याकाळी हजारो नळ अक्षविद्येचा क्लास लावून बसतात, आणि एकाला राज्य मिळायचं तर बाकीच्यांना वनवासाला जावंच लागतं. ऋग्वेदातल्या द्यूतकाराच्या सूक्तात तर विद्येचा उपायच नाही. फासे खेळू नकोस, शेत कस, एवढंच त्याला सांगितलं आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैशांवर चालणारे ऑनलाइन खेळ, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला बंदी आली: चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला मात्र नाही. मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांची टेबलं लगेच मिटवली आणि कायद्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं. खेळणाऱ्याला गुन्हेगार न ठरवता टेबल चालवणाऱ्याला धरणं हे मला १९६८च्या निकालातल्या त्या दुर्लक्षित भागाशी सुसंगत वाटतं, आणि म्हणून या कायद्याच्या बाजूने मी उभा आहे. प्रामाणिकपणे पोकरवर पोट भरणारे काही जण यात भरडले गेले, हे मान्य करूनही. महाराष्ट्रात त्याआधीच्या महिन्यात आपण कशावर बोलत होतो? विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत होते का, यावर. त्यांनी आरोप नाकारला, खातं बदललं, चर्चा संपली. सभागृहाच्या शिष्टाचारावर रान उठलं, रेकवर कोणी प्रश्न विचारला नाही.

आणि कायद्याने काम संपलं असंही नाही. परदेशातून चालणारी ॲप्स आहेत. खासगी क्लब चालवणारे एजंट आहेत. ते टेलिग्रामवर भेटतात आणि चिप्स उधारीवरही देतात. तिथे ना कर कापला जातो, ना तक्रार करायला खिडकी. पोराला त्या दारापर्यंत नेणारी समजूत एकच असते: मला येतं, फक्त मन आवरायचं राहिलंय. ही समजूत कोणत्या कलमाने जात नाही, हिशेब मांडूनच जाते. म्हणून मी दर वर्षी हा सगळा हिशेब फळ्यावर मांडतो, रेकसकट. ज्याला खेळ आवडतो त्याने बिनपैशांच्या चिप्सवर जरूर खेळावं. ब्लफची मजा, शक्यतांचं गणित, समोरच्याचं मन वाचणं, यातलं काहीही कमी होत नाही.

पोकर शिकवणाऱ्यांना माझं उघड आव्हान आहे. तुमच्या क्लासात फी भरलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांचे हिशेब मांडा, निवडक दोघांचे नकोत. किमान एक लाख डावांचे, रेक वजा करून, कर वजा करून, तुमची फी वजा करून. त्यांतले किती जण नफ्यात आहेत ते लोकांसमोर सांगा. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसू, ज्याला यायचं त्याला येऊ दे. तुमचे आकडे खरे निघाले तर या लेखातला शब्दन्‌शब्द मी तिथेच मागे घेईन. तोवर हरलेल्या पोरांना त्यांचं मन कच्चं आहे असं सांगणं बंद करा.